ही शाळा तुमच्या मुलीसाठी नाही

न्यू ऑर्लिन्स,
१४ सप्टेंबर २०१५

प्रिय डेसा,

परवा तू माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवलास, म्हणून आता पत्र. फोनवर आपण दोघी बहिणी दोन मिनिटांत भांडायला लागतो. पत्रात निदान माझं म्हणणं संपेपर्यंत तरी तुला थांबावं लागेल.

तू म्हणालीस, "वादळाला दहा वर्षं झाली, टीन, आता सोड तो विषय." तुला ह्यूस्टनमध्ये बसून सोडता येतो. तू तिथे घर केलंस, केसांचं पार्लर काढलंस, चांगलं केलंस. मी परत आले ती माझ्या शाळेसाठी. सव्वीस वर्षं ज्या व्हॅल्सिन शाळेत शिकवलं, तिथले आम्ही सगळे शिक्षक एका नोटिशीत घरी बसलो. पाणी ओसरायच्या आत नोकऱ्या ओसरल्या. आणि शाळा उघडली तेव्हा ती चार्टर शाळा झालेली. इमारत लोकांची, पैसा लोकांचा, मालकी मात्र बाहेरून आलेल्या मंडळाची, आणि वर बसवलेला तो ग्रेडी व्हिटकम. सत्तावीस वर्षांचा.

मी नोकरी मागायला गेले ते तुला माहीत आहे. तो काय म्हणाला, ते मी तुला कधी सांगितलं नाही. माझ्याच वर्गात, माझ्याच फळ्यासमोर टेबल टाकून बसला होता. माझा अर्ज त्याने वाचलासुद्धा नाही. म्हणाला, "मिस डुप्लेसी, या मुलांचं जे नुकसान झालं, ते तुमच्यासारख्यांच्या हातूनच झालं ना? आम्हाला नव्या विचारांची माणसं हवीत." मी उठले तर दयाळूपणे म्हणाला, "जेवणाच्या वेळी मुलांवर लक्ष ठेवायला एक बाई लागणार आहेत. बघा जमतंय का."

येत्या मेअखेर त्याचा करार संपतो. पुढे चालू ठेवायचा की नाही, यावर शहराचं शिक्षण मंडळ डिसेंबरात जाहीर सुनावणी घेणार आहे. मी जाणार. मला तो माणूस त्याच्या सगळ्या नव्या विचारांसकट, सगळ्या माणसांसकट, एका नोटिशीवर घरी गेलेला बघायचा आहे.

तुझी लेक रोशेल कशी आहे? उन्हाळ्यात इकडे नोकरीला आली म्हणालीस, पण माझ्या दारात अजून फिरकली नाही. तिला म्हणावं, तुझ्या नेनेनने, तुझ्या धर्ममातेने, तुला बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं, निदान सोमवारचा राजमा-भात खायला तरी ये.

तुझी,
लिओन्तीन


ह्यूस्टन,
२ ऑक्टोबर

प्रिय टीन,

तुझं पत्र पार्लरमध्येच वाचलं. मिसेस ब्रूसार्डच्या डोक्याला रंग लावून ठेवला होता, तो जरा जास्तच चढला.

त्या माणसाने तुझा अपमान केला. तो समोर असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. पण एक विचारू? आपली व्हॅल्सिन शाळा एवढी सोन्याची होती का? छत गळायचं. पुस्तकांची पानं नसायची. तुझ्या शेजारच्या वर्गातली मिस बोडॅन जेवणानंतर खुशाल डुलक्या काढायची आणि तिचा वर्ग तू तुझ्या वर्गाबरोबर सांभाळायचीस, हे तूच सांगायचीस. तू चांगली होतीस, म्हणजे शाळा चांगली होती असं होत नाही.

माझी रोशेल इथल्या चार्टर शाळेतूनच शिकली. ती वाचायला मागे होती, तर तिची बाई शनिवारी घरी येऊन बसायची. ती मुलगी कॉलेजात गेली, आपल्या घराण्यातली पहिली. मी कुठल्या तोंडाने या शाळांना शिव्या देऊ?

रोशेल नदीपलीकडे, अल्जियर्समधल्या एका शाळेत आहे. काम फार असतं. येईल ती. तू तिच्या मागे लागू नकोस.

आणि मनात डूख धरून जगू नकोस. त्याने त्या माणसाचं काही वाकडं होत नाही, तुझा रक्तदाब तेवढा वाढतो.

डेसा


न्यू ऑर्लिन्स,
३० ऑक्टोबर

प्रिय डेसा,

माझा रक्तदाब गेल्या दहा वर्षांत इतका छान कधी नव्हता. डॉक्टरने विचारलं, काय करताय सध्या? मी म्हटलं, शिकार.

मी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये मुलांना शिकवते, ते तुला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात एक बाई मुलीला घेऊन आली. नाव डोरिंडा, मोठ्या हॉटेलात चादरी-टॉवेल धुण्याच्या विभागात होती. मुलगी इमानी, नऊ वर्षांची. बोलताना अडखळते, गोंगाट झाला की कानांवर हात ठेवून टेबलाखाली जाऊन बसते. मी विचारलं, "ही शाळेच्या वेळात इथे कशी?" डोरिंडा म्हणाली, "शाळेतून रोज फोन यायचा, मिस डुप्लेसी. आज चावली, आज ओरडली, घेऊन जा. रोज काम टाकून मी धावायची. शेवटी हॉटेलवाल्यांनी मलाच काढलं. मग मिस्टर व्हिटकमनी बोलावलं. कॉफी दिली. म्हणाले, ही शाळा तुमच्या मुलीसाठी नाही. तुम्ही स्वतःच नाव काढून घेतलंत तर तिच्या कागदावर डाग लागणार नाही."

कळलं का, डेसा? परीक्षेचा निकाल वर गेला की करार पुढे. म्हणून निकाल खाली ओढणारी मुलं परीक्षेआधी बाहेर. तीही काढायची नाहीत, आईच्याच हाताने काढून घ्यायची. मग वर्तमानपत्रात त्याचा फोटो, खाली लिहिलेलं, चमत्कार.

मी ऑर्लिन्स अव्हेन्यूपासून सुरुवात केली. दारं ठोठावतेय. डोरिंडासारख्या आणखी आया सापडल्या. काही रडतात, काही माझ्यावरच ओरडतात, एकीने कुत्रा सोडला. पण जी मुलं माझ्या हाताखालून गेली आहेत, त्यांच्या आयांनाही मी ओळखते. कित्येकींना मीच बेरीज शिकवली आहे. त्या येतील.

व्हिटकम रस्त्यात भेटला. ओळखलं नाही मला. "गुड आफ्टरनून, मॅम" म्हणाला आणि हसला. मीही हसले.

लिओन्तीन


ह्यूस्टन,
१० नोव्हेंबर

प्रिय टीन,

त्या बाईचं वाचून वाईट वाटलं. खरंच. त्या मुलीचं काहीतरी व्हायला हवं.

पण एक ऐक माझं. जायचंच असेल सुनावणीला तर त्या व्हिटकमबद्दल बोल. शिक्षकांना मध्ये ओढू नकोस. पोरं असतात ती बिचारी, वरून सांगतील तसं करतात. कुणाचं नाव घेऊ नकोस.

थँक्सगिव्हिंगला इथे ये ना. टर्कीत शिंपल्यांचं सारण भरते, आई करायची तसं. बसचं तिकीट मी पाठवते. आठवडाभर राहा, डोकं शांत होईल.

डेसा


न्यू ऑर्लिन्स,
१ डिसेंबर

ओडेसा,

थँक्सगिव्हिंगला मी आले नाही त्याचं कारण आता तुला कळेल.

डोरिंडाला मी विचारलं, त्या शाळेत इमानीशी कुणी माणसासारखं वागलं का? ती म्हणाली, "एकच होती. हिच्याबरोबर टेबलाखाली जाऊन बसायची. गाणं म्हणायची. नवीनच आहे, मिस टार्वर." मग म्हणाली, "फोनही तीच करायची. आवाज रडवेला असायचा. मला म्हणाली होती, मिसेस, मला करायला लावतात हो."

टार्वर तुझ्या नवऱ्याचं आडनाव. अल्जियर्स म्हणे. नदी कधी वाहत आली गं आपल्या शाळेच्या सातव्या वॉर्डात?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी फाटकावर उभी राहिले. रोशेल बाहेर आली, दोन्ही हातांना मुलं लोंबकळलेली. मला बघून तिचा चेहरा उतरला. मुलांना बसमध्ये चढवून ती माझ्याकडे आली.

"नेनेन, मी सांगणार होते."

"कधी? माझ्या दफनाला?"

"आईने सांगितलं, तुला कळलं तर तू दार उघडणार नाहीस."

मी म्हटलं, "राजीनामा दे. आज दे. सुनावणीत माझ्या बाजूला येऊन बस आणि फोन कुणी करायला लावले ते सांग."

ती म्हणाली, "आणि माझ्या वर्गातल्या बाकीच्यांना कोण बघेल? व्हिटकम? तू ही शाळा बंद पाडलीस तर मुलं कुठे जातील, नेनेन? कुणी शहराच्या या टोकाला, कुणी त्या टोकाला. अंधारात बसमध्ये चढणारी पोरं मी बघते रोज. तुला मुलं नकोच आहेत. तुला तो माणूस हवाय."

मी म्हटलं, "हो. मला तो माणूस हवाय."

खोटं कशाला बोलू? डेसा, सतरा तारखेला सुनावणी आहे. मी थांबणार नाही. तुझ्या मुलीने आपली जागा निवडली आहे, आणि ती जागा कुणाची होती हे तिला माहीत होतं.

लिओन्तीन


ह्यूस्टन,
७ डिसेंबर

टीन,

खोटं मी बोलले. रोशेल नाही. राग माझ्यावर काढ.

तिने ती नोकरी का धरली ते तरी विचारायचंस. लहानपणी तू तिला व्हॅल्सिन शाळेत तुझ्या वर्गात मागच्या बाकावर बसवायचीस. तिला तिथेच शिकवायचं होतं. मी म्हटलं दुसरीकडे बघ, तर म्हणाली, "नेनेनची शाळा आहे ती."

तुझ्या पाया पडते. डोरिंडाला बोलू दे, पण फोनचा विषय काढू देऊ नकोस. पोरगी नवी आहे. एकदा नाव खराब झालं की तिला कोण घेईल?

एवढं एकच मागणं मागतेय तुझ्याकडे.

डेसा


न्यू ऑर्लिन्स,
१९ डिसेंबर

प्रिय डेसा,

जिंकले.

हॉल गच्च भरला होता. व्हिटकमने आपल्या बाजूला निळ्या शर्टातली माणसं आणून बसवली होती, हातात फलक, ओठांवर हसू. माझ्या आया कामावरच्याच कपड्यांत आल्या. एकेक उठत गेली. "मला कॉफी दिली." "मलाही कॉफी दिली." तिसऱ्या आईपर्यंत हॉलमध्ये लोक हसायला लागले, ते वाईट हसू, ज्याच्यावर हसतात त्याच्या अंगावर काटा येईल असं. चौथीला अध्यक्षीणबाईंनी स्वतःच विचारलं, "आणि तुम्हालाही कॉफी दिली का?" व्हिटकमची मान लाल झाली. मी पहिल्या रांगेत बसून त्या मानेकडे बघत होते. मला इतकं बरं वाटलं, डेसा, की त्याबद्दल चर्चमध्ये पापाच्या कबुलीला जायचा माझा विचार नाही.

रोशेल शाळेच्या बाजूने बोलली. चांगली बोलली, हे मला मान्य केलं पाहिजे. बोलताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

शेवटी मी उठले. नाव सांगितलं. म्हटलं, "मिस्टर व्हिटकम, तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या खोलीत मी सव्वीस वर्षं शिकवलं. तुम्ही मला जेवणाच्या वेळी लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मी लक्ष ठेवलं."

करार पुढे चालू ठेवायचा नाही, असं मत पडलं. मेअखेर ते सगळे बाहेर.

घरी येऊन मोठा टोप भरून गम्बो केला आणि आख्ख्या गल्लीला वाढला. तुला नाताळच्या शुभेच्छा.

लिओन्तीन


ह्यूस्टन,
४ जानेवारी २०१६

लिओन्तीन,

नाताळात रोशेल घरी आली होती. दोन दिवस पांघरूण घेऊन पडून होती. तिसऱ्या दिवशी बोलली. तू लिहिलं नाहीस ते मला तिने सांगितलं.

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, रोज आईला फोन करायचा हुकूम कुणाचा? व्हिटकम म्हणाला, "हुकूम नव्हता. ते वर्गशिक्षिकेने आपल्या मनाने केलं. मिस टार्वर नवीन आहेत, अनुभव कमी पडला." शेकडो माणसांसमोर माझ्या मुलीकडे बोट केलं. दुसऱ्या दिवशी ते पेपरात आलं, नावासकट.

आणि तू तिथे होतीस. तुला डोरिंडाने सांगितलेलं होतं. "मला करायला लावतात" हे शब्द तूच मला लिहिलेस. डोरिंडा उठायला लागली तर तू तिच्या हातावर हात ठेवून तिला खाली बसवलंस. रोशेलने बघितलं ते. तिथे बसून ती तुझ्याकडेच बघत होती, टीन. तू बोलशील म्हणून.

का बसवलंस? कारण रोशेल निर्दोष ठरली असती तर शाळेत एक तरी चांगली बाई आहे असं झालं असतं. तुला सगळीच वाईट हवी होती.

त्या माणसाने तुला जे म्हटलं होतं, तुमच्यासारख्यांच्या हातून मुलांचं नुकसान झालं, तेच त्याने माझ्या मुलीला म्हटलं. आणि या वेळी तू त्याच्या बाजूला होतीस.

पत्र लिहू नकोस.

ओडेसा


न्यू ऑर्लिन्स,
२१ मार्च

डेसा,

तू नको म्हणालीस तरी लिहितेय. वाचायचं नसेल तर नको वाचूस.

हो, हात ठेवला. का ठेवला ते तू बरोबर ओळखलंस. तेव्हा मला वाटलं, एवढं एक मिनिट जाऊ दे, हा माणूस खाली जाऊ दे, मग बघू. ते मिनिट अजून गेलेलं नाही.

काय काय झालं ते ऐक. शाळा आपल्या लोकांकडे परत आलेली नाही. दुसऱ्या एका बाहेरच्या मंडळाला दिली. त्यांचा माणूस मला भेटायला आला, हातात केक घेऊन. म्हणाला, "तुमच्यासारख्या व्यक्तीचा फोटो आमच्या फलकावर असेल तर वस्तीला विश्वास वाटेल." मी केक ठेवून घेतला आणि त्याला घालवला.

नोटिसा गेल्या. शिक्षक, आचारी, बसमध्ये मुलांना सांभाळणारी बाई, सगळ्यांना एकसारखी. मला हेच हवं होतं ना? आचारीण मिस वर्लीन बाजारात भेटली. मला बघून कोळंबीच्या गाड्यापासून सरळ दुसरीकडे गेली.

व्हिटकमला मात्र निरोपाचं जेवण दिलं. तो कुठे जाणार ते ठाऊक नाही, पण तो काळजीत दिसत नाही.

डोरिंडाने मला विचारलं, "आता इमानी कुठल्या शाळेत जाणार, मिस डुप्लेसी?" मी विचारच केला नव्हता तिथपर्यंत.

आणि रोशेल मंगळवारी हॉलवर येते. माझ्यासाठी नाही. इमानीसाठी. तिला घेऊन टेबलाखाली बसते आणि शब्द शिकवते. मी जवळ गेले की गाणं थांबवते. मी लांब गेले की पुन्हा सुरू करते. म्हणून मी लांबच बसते. मी पेपरला पत्र लिहून डोरिंडाचे शब्द जसेच्या तसे कळवले. त्यांनी आतल्या पानावर कोपऱ्यात छापले. कुणी वाचले असतील असं वाटत नाही.

लिओन्तीन


ह्यूस्टन,
१८ मे

लिओन्तीन,

हे पत्र दिलजमाईचं नाही, आधीच सांगते.

माझ्या पार्लरच्या रस्त्यावर एक शाळा आहे. सकाळी दुकान उघडताना मला तिची मुलं रांगेत दिसतात. काल तिच्या भिंतीवर नवा फलक लागला, स्वागताचा. त्यावर फोटो ग्रेडी व्हिटकमचा. खाली लिहिलंय की न्यू ऑर्लिन्समध्ये ज्यांनी चमत्कार केला, ते आता आपल्या सेवेत. एका शाळेच्या जागी इथे त्याला अर्धा डझन शाळा दिल्यात, आणि तो एप्रिलपासूनच कामाला लागलाय.

त्याच आठवड्यात रोशेलने इथल्या एका शाळेत मुलाखत दिली होती. तिथली बाई भली होती. तिने खासगीत सांगितलं, "पोरी, तुझ्याबद्दल आम्ही तुझ्या आधीच्या मुख्याधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, अडचणीच्या मुलांबाबत हिचा निर्णय चुकतो."

मी त्या फलकासमोर बराच वेळ उभी राहिले. मिसेस ब्रूसार्ड दारात थांबून होती, तिला वाटलं मला चक्कर आली. मला चक्कर आली नव्हती. पाच महिने मी तुझ्यावर रागावले, तो राग जागेवर आहे, तसूभरही हललेला नाही. पण मला पहिल्यांदा कळलं, तू दहा वर्षं पोटात काय घेऊन फिरलीस. मी तुला म्हणत होते, सोड. मला आता कुणी तसं म्हणून बघावं.

काल मिसेस पेटवेच्या वेण्या घालताना मी सहज विचारलं, तुमचा नातू त्या शाळेत कसा आहे? म्हणाली, "आता घरीच असतो. ती शाळा त्याच्यासाठी नाही म्हणे." माझ्या हातातला कंगवा तिथेच थांबला.

माझ्या खुर्चीत रोज आया येऊन बसतात. डोकं माझ्या हातात असतं तेव्हा बायका नवऱ्याला सांगत नाहीत ते सांगतात. पण पुढे काय करायचं, ते मला येत नाही. ते तुला येतं. सांग.

ओडेसा


न्यू ऑर्लिन्स,
२६ मे

डेसा,

शाळा कशी आहे असं कुणालाच विचारू नकोस. लोक लाजेने चांगलीच म्हणतात. मूल सकाळी दहा वाजता कुठे असतं, एवढंच विचार. उत्तर द्यायला वेळ लागला की समजायचं. मग गप्प बस, ती बाई आपणहून बोलेल. पहिल्या भेटीत काही मागायचं नाही. दुसऱ्या भेटीला काहीतरी खायला घेऊन जायचं. जिच्या दारातून हाकलतील, तिच्याकडे तिसऱ्यांदा जायचंच, तीच शेवटी सगळ्यात जोरात बोलते.

आणि या वेळी मुलांची सोय आधी. माणूस नंतर. त्यांना घेणारी शाळा सापडल्याशिवाय सुनावणीत पाऊल टाकायचं नाही. माझ्याकडून ते राहिलं. तिथल्या शिक्षकांत जी टेबलाखाली बसणारी असेल ती शोध. ती पहिली आपल्या बाजूला आणायची, आणि तिच्याकडे कुणी बोट दाखवलं तर सगळ्यात आधी मी उठणार. तसं तिला माझ्या नावाने सांग.

मी गुरुवारच्या बसने निघते. हे पत्राने जमण्यासारखं नाही. बस स्टँडजवळ स्वस्तात राहायची सोय आहे असं ऐकलं. तुझ्याकडे उतरायचं की नाही, ते तू सांग.

लिओन्तीन


ह्यूस्टन,
३० मे

टीन,

स्टँडजवळ चोर असतात. सरळ घरी ये.

रोशेल आहे इथे. ती तुझ्याशी बोलेल असं मी म्हणणार नाही. मीही फारसं बोलणार नाही. जेवण मात्र गरम असेल, आणि शनिवारी सकाळी आपण तिघी मिसेस पेटवेकडे जातोय.

डेसा